चव्वेचाळिसाव्या वर्षी एमए, अन् तेही कोणत्याच एका विषयाचं नाही

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर अर्ध्याहून जास्त पत्रं शिकण्याचीच. पोरांच्या शिकण्याची नाही, स्वतःच्या. एक पत्र तर चार पानांचं आहे, फुलस्केपवर दोन्ही बाजूंनी, ते कापून-छाटून देते, बाकीची लहान आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका गावी माझं कृषी केंद्र आहे, वय ४४. २००२ ला केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालो, ५३ टक्के. पुढे शिकायचं होतं पण घरची परिस्थिती तशी नव्हती, मग दुकान टाकलं अन् त्यातच वीस वर्षं गेली. वाचायची सवय मात्र सुटली नाही, इतिहास वाचतो, कायद्याचं वाचतो, कीर्तनाला जातो, शेतीचं तर रोजचंच आहे. मुलगी अमरावतीला शिकते, तिनं सांगितलं की लिबरल स्टडीज म्हणून एक एमए असते, त्यात एकच विषय नाही, चार-पाच शाखा मिळून शिकता येतात, अन् मोठ्या वयाचे लोकही करतात. तेव्हापासून डोक्यात किडा आहे. पानठेल्यावर बोललो तर मित्र म्हणे, आता एमए करून का कलेक्टर होतं का बे? बायको म्हणते करा बाप्पा, पण दुकान कोण पाहीन? मला हे दोन्ही प्रश्न बरोबरच वाटतात.

अडचण अशी की मला एका विषयात बसताच येत नाही, हा दोष आहे का? अन् फॉर्ममध्ये "हा अभ्यासक्रम का करायचा आहे" असं लिहायला सांगतात तिथं माझी गाडी अडते. तीन वेळा लिहिलं, "मला ज्ञानाची आवड आहे", अन् पुढे काही सुचतच नाही. पुतण्यानं मोबाइलवर एआयकडून एक लिहून घेतलं, ते इतकं भारी झालं की वाचून मलाच वाटलं हा माणूस कोण आहे. आता दुकानातच पहा ना, माणूस औषधाचा डबा घेतो, त्याच्यावर लाल त्रिकोण आहे का हिरवा ते पाहत नाही, फक्त विचारतो, "पंपाले किती झाकणं टाकू?" मी सांगतो दोन, तो जातो. रात्री कधी कधी त्याच्यामुळे झोप लागत नाही. असो, ते विषयांतर झालं. तुम्ही सांगा काय करावं. — एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी मलाही वाटलं की ठीक आहे, हौशी माणूस आहे, दोन-चार विद्यापीठांची नावं सांगून मोकळं व्हावं. दुसऱ्या वेळी त्या "असो" वर येऊन थांबले. चार पानांत तुम्ही ज्ञानाची आवड, वाचनाची आवड, कीर्तनाची आवड सगळं लिहिलं अन् जे खरं तुमचं आहे ते "असो" म्हणून सोडून दिलं. तर आपण तिथूनच सुरू करू.

तो त्रिकोण तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे, पण वाचकांसाठी सांगते. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोन तिरपा ठेवल्यासारखा असतो, त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, अन् हिरवा सगळ्यात कमी. हे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली जे १९७१ चे नियम झाले त्यांतून आलेलं आहे. म्हणजे कोणीतरी दिल्लीत बसून विचार केला की ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला रंग तरी वाचता यावा. विचार चांगलाच होता. आणि पन्नास वर्षांनंतर तुमच्या काउंटरवरचा माणूस झाकणं मोजतो आहे.

आता हे कोणत्या विषयात घालता सांगा. औषध अंगावर पडलं तर शरीरात काय होतं ही केमिस्ट्री, ती तुमच्याकडे आहे. लेबलवर काय असावं हा कायदा. माहितीपत्रक मुंगीएवढ्या अक्षरात पाच-सहा भाषांत छापतात अन् त्यातली मराठी वऱ्हाडातल्या माणसाला परकी वाटते, हा भाषेचा प्रश्न. ज्याचं खातं उधारीवर आहे तो दुकानदाराला उलट प्रश्न विचारत नाही, दिलं ते घेऊन जातो, हे अर्थशास्त्र झालं का अजून काही? अन् सगळ्यात अवघड, म्हणजे मला वाटतं ते असं, की डबा विकत घेतो शेतमालक अन् पंप पाठीवर घेतो मजूर, म्हणजे तुम्ही जे "दोन झाकणं" सांगता ते त्याच्यापर्यंत दुसऱ्याच्या तोंडून पोचतं अन् त्रिकोण तर त्यानं पाहिलेलाच नसतो. २०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. तेव्हा तुमचं दुकान चालू होतं. झोप न लागण्याचं कारण तेच असेल असं मी समजते, चुकत असेन तर माफ करा.

एका विषयात बसता येत नाही हा दोष आहे का, असं विचारलंत. कधी कधी आहे, खोटं कशाला बोलू. थोडा इतिहास, थोडा कायदा, थोडं कीर्तन, असा माणूस चहाच्या टेबलावर फार गोड लागतो पण दोन वर्षं अभ्यास करताना पहिल्याच असाइनमेंटला फसतो, कारण त्याला सगळंच आवडतं अन् कशाचाच छडा लावायचा नसतो. पण हातात एक प्रश्न पक्का असला अन् तो प्रश्नच चार शाखांत फिरायला लावत असला तर गोष्ट वेगळी. असा अभ्यास आपल्या भागाला नवा नाही, आपणच विसरलो आहोत. १९३७ साली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, नई तालीम तिथून निघाली, तिचं म्हणणंच हे की हाताचं काम मधे ठेवा अन् गणित, इतिहास, भूगोल त्याच्याभोवती शिका. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. तिथल्या लोकांनी गावातच अभ्यास गट चालवला, वनकायदा वाचला, बांबू मोजला, हिशेब शिकले, ग्रामसभेत सर्वसहमतीनं निर्णय कसा घ्यायचा यावर वाद घातले, अन् २००९ मध्ये १८०० हेक्टरांच्या आसपास जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. त्यांना कोणी विचारलं नाही की तुमचा मेन सब्जेक्ट कोणता. प्रश्न एकच होता, हे जंगल कोणाचं.

आता फॉर्मचं. ते जे का-करायचं-आहे लिहायला सांगतात त्याला स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात, साधारण ५०० ते १००० शब्द, पण ज्या संस्थेचा फॉर्म भराल तिची मर्यादा आधी पाहून घ्या. "मला ज्ञानाची आवड आहे" हे वाक्य वाचणाऱ्यानं त्या दिवशी पन्नासदा वाचलेलं असतं. तुम्ही पहिलं वाक्य असं लिहा : माझ्या दुकानात येणारा माणूस डब्यावरचा रंग पाहत नाही, झाकणं विचारतो. बस. वाचणारा तिथंच सावरून बसेल. मग लिहा की तुम्ही स्वतः काय करून पाहिलं, म्हणजे तुम्ही कधी कोणाला समजावलं असेल, भिंतीवर तक्ता लावला असेल, हातमोजे फुकट दिले असतील अन् त्यानं ते घरी नेऊन ठेवले असतील, जे काही खरं घडलं ते, फसलेलं असलं तरी, फसलेलं असेल तर जास्तच चांगलं. मग तुमची केमिस्ट्री कुठपर्यंत पुरली अन् कुठं संपली ते लिहा. अन् शेवटी, शिकून झाल्यावर काय करणार. तिथे गावाचा कायापालट करीन वगैरे लिहू नका हो. दुकानच चालवणार असाल तर दुकानच चालवीन म्हणून लिहा, ते लाजिरवाणं नाही.

आधी मराठीत लिहा, जसं मला लिहिलं तसंच, अन् मग स्वतः बसून हिंदीत किंवा इंग्रजीत करा, चुका राहू द्या, नंतर मुलीला दाखवा. त्या एआयच्या कागदाबद्दल तुम्हीच म्हणालात की हा माणूस कोण आहे. मुलाखत झाली तर तिथंही हेच विचारतील, अन् समोर तुम्ही बसलेले असाल, तो नाही.

बरं, शिकायचं कुठं. लिबरल स्टडीज याच नावाचं शिक्षण आपल्याकडे थोड्याच ठिकाणी आहे. सोनीपतच्या अशोका विद्यापीठाची एक वर्षाची यंग इंडिया फेलोशिप आहे, तिला लिबरल स्टडीजचा पदव्युत्तर डिप्लोमा मिळतो, पण ती पूर्ण वेळ, निवासी, अन् नावातच यंग आहे, आपल्या दोघांनाही तिथं कोणी आत घेणार नाही. म्हणून नावामागे लागू नका, आतला मसाला पहा. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात एमए डेव्हलपमेंट आहे, शिक्षणशास्त्राचंही आहे, प्रवेश परीक्षा अन् मुलाखत असते, ऐपत पाहून आर्थिक मदतही करतात, पण दोन वर्षं तिथं जाऊन राहावं लागतं. टिसचा, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा, तुळजापूरला कॅम्पस आहे, ग्रामीण प्रश्नांवरच भर, प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो. वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, केंद्रीय विद्यापीठ, १९९७ पासूनचं, तिथं गांधी अन् शांती अध्ययन, स्त्री अध्ययन असे शाखा ओलांडणारे विषय आहेत, माध्यम हिंदी. दारव्ह्याहून वर्धा नकाशावर जवळ दिसतं, पण रोज एसटीनं जाऊन-येऊन हे होणार नाही, अन् खरिपात तर विचारच नको.

तुमच्यासारख्या दुकान सोडता न येणाऱ्या माणसाला मी इग्नूच सांगीन, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. १९८५ चं, संसदेच्या कायद्यानं झालेलं, वयाची अट नाही, आपल्यासाठी नागपूरला प्रादेशिक केंद्र आहे. त्यात ग्रामीण विकासाचं एमए आहे, कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, हिंदी किंवा इंग्रजीतून लिहिता येतं, अन् शेवटी एक प्रबंध लिहावा लागतो. तुमचा त्रिकोण त्या प्रबंधात अगदी फिट बसतो, जणू तुमच्यासाठीच जागा ठेवली आहे. गांधी अन् शांतता अभ्यास, लोकसंस्कृती, विकास अभ्यास हेही आहेत. कीर्तनाची इतकी ओढ असेल तर लोकसंस्कृतीकडे मन जाईल तुमचं, पण मी तरी म्हणीन की झोप कशामुळे लागत नाही ते पाहून निवडा. मराठीतूनच शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ चं, त्याची केंद्रं अमरावती-नागपूरला आहेत, त्यांची यंदाची एमएची यादी एकदा पाहून घ्या, बहुतेक विषय सरळ एकेका शाखेचे असतात पण भाषेची अडचण उरत नाही.

आता एक गोष्ट जी माहितीपुस्तकात कोणी लिहीत नाही. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून अन् डिसेंबरला असतात. जून म्हणजे काय ते कृषी केंद्रवाल्याला सांगायची गरज नाही, मृगाचा पहिला पाऊस पडला की तुमच्या दुकानात उभं राहायला जागा नसते, बियाणं, डीएपी, युरिया, अन् त्यात तुम्ही पेपर लिहायला जाणार का? नाही जाणार. म्हणून जुलैच्या सत्रात प्रवेश घेऊच नका. वार्षिक पद्धतीचा प्रोग्राम असेल तर जुलैवाल्याची परीक्षा पुढच्या जूनला येते अन् जानेवारीवाल्याची त्याच वर्षीच्या डिसेंबरला. जानेवारीत प्रवेश घ्या. डिसेंबरला कापूस वेचणी असते, शेतकऱ्याला ते जड, पण दुकानदाराला तेव्हा बरीच उसंत असते. दिवाळीनंतर असाइनमेंट लिहायच्या अन् डिसेंबरात पेपर. असाइनमेंटचे ३० टक्के, परीक्षेचे ७० टक्के असतात, अन् दोन वर्षांचा कोर्स चार वर्षांपर्यंत पुरवता येतो, म्हणजे एखाद्या वर्षी बोंडअळी आली, उधारी बुडाली अन् डोकं ठिकाणावर नसलं तरी नाव कटत नाही.

२०२४ पासून मुक्त अन् ऑनलाइन शिक्षणाला डीईबी आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नंबर लागतो, अन् तो काढायच्या आधी एबीसी आयडी, म्हणजे शिकण्याच्या क्रेडिटच्या खात्याचा नंबर, दोन्ही मोबाइलवर काढता येतात, आधारला नंबर लिंक पाहिजे. ते काढायला सीएससीवाल्याकडे जाल तर ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येऊ द्या अन् पासवर्ड वहीत लिहून ठेवा. दुसऱ्याच्या नंबरवर फॉर्म भरून वर्षभर रडणारे मी पाहिले आहेत. अन् कोणीही "घरबसल्या एमए, परीक्षेची गरज नाही" म्हणून पॅम्प्लेट दिलं तर त्या विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या डीईबीच्या यादीत त्या वर्षासाठी आहे का ते आधी पहा. यादीतलं असेल तर मुक्त पद्धतीची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात, यूजीसीनं २०२२ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं आहे.

पानठेल्यावरच्या मित्राला काय सांगायचं? की नाही होत कलेक्टर. नोकरीच्या हिशेबानं हे एमए कमजोर आहे हे आधीच मान्य करून टाका. प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट या पात्रता परीक्षेच्या विषयांच्या यादीत तुमचा विषय लागतो, तिथे लिबरल स्टडीज नावाचा विषय नाही. गांधी-शांतता आहे, स्त्री-अभ्यास आहे, लोकसाहित्य आहे, म्हणून तरुण पोरांनी निवडताना हे पाहावं. तुम्हाला ४४ व्या वर्षी ते नको आहे असं मी धरते.

वहिनींचा प्रश्न मात्र खरा आहे, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडेच आहे. एवढंच सांगते की मी स्वतः ४७ व्या वर्षी एमए केलं तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करत होते अन् संध्याकाळी सातच्या पुढे घरातलं कोणी मला हाक मारणार नाही असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणते, पाळलं गेलं असं नाही म्हणत. तरी ठरवून ठेवा, अन् फॉर्म भरायच्या आधी ठरवा. वहिनींना दुकानात बसवणार असाल तर त्यांना उधारीची वही वाचायला नाही, चालवायला द्या. कदाचित त्रिकोणाचं उत्तर त्यांनाच आधी सापडेल, बाया औषध घ्यायला येतात तेव्हा तुमच्याशी बोलत नाहीत ते त्यांच्याशी बोलतील.

प्रश्न : मी ५१ वर्षांची, लोणारजवळच्या एका शाळेत शिक्षिका. बीए १९९५, ४८ टक्के, तेही माहेरच्या नावानं. दुसऱ्या वर्षाची मार्कशीट घर बदलताना हरवली. आधारवर सासरचं नाव आहे. मला आता असं दोन-तीन शाखांचं एमए करायचं आहे, एका ठिकाणी लिहिण्याचा नमुना मागितला आहे, मी तर परिपाठाच्या भाषणाशिवाय काही लिहिलेलं नाही. — एक भगिनी, जि. बुलढाणा

उत्तर : ताई, टक्क्यांची चिंता सोडा, इग्नूच्या बहुतेक एमएला पदवी पास असणं पुरतं, नेहमीच्या विद्यापीठांत ४५-५० ची अट असते तिथं आरक्षणाची सूट पाहून घ्यावी लागेल. तुमचा खरा त्रास नावाचा आहे अन् तो बायांनाच होतो, पुरुषांना तो काय असतो हेही माहीत नाही. माझा फॉर्म एकदा एवढ्यासाठी परत आला की पदवीवर वडिलांचं नाव अन् आधारवर नवऱ्याचं, अन् खिडकीवरचा माणूस म्हणे यातली तुम्ही कोण? मी म्हटलं दोन्ही. तो हसला नाही.

डीईबी अन् एबीसीचे आयडी आधारवरून निघतात, म्हणून हे आधीच निस्तरून ठेवा. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर उत्तम, नसेल तर ग्रामपंचायतीतून करून घ्या. त्यानं भागत नसेल तर राजपत्रात नाव बदल छापून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो, प्रत जन्मभर उपयोगी पडते. मार्कशीटची दुसरी प्रत विद्यापीठातून मिळते, अर्ज, शुल्क, हरवल्याचं प्रतिज्ञापत्र किंवा पोलिसांकडचा दाखला एवढं लागतं. १९९५ च्या तुमच्या पदवीवर नुसतं अमरावती विद्यापीठ असेल अन् आता त्याला संत गाडगे बाबांचं नाव आहे, त्यानं काही बिघडत नाही, विद्यापीठ तेच, १९८३ चं. तुमच्यापेक्षा मोठ्या ज्या ताया आहेत, १९८३ च्या आधीच्या, त्यांचे कागद नागपुरात शोधावे लागतील. तसंच चंद्रपूर-गडचिरोलीवाल्यांचं, गोंडवाना विद्यापीठ २०११ चं आहे, त्याच्या आधीचं सगळं नागपूर विद्यापीठात. अन् हो, सरकारी नोकरीत आहात, प्रवेश घ्यायच्या आधी वरच्या कार्यालयाची लेखी परवानगी घेऊन ठेवा, तोंडी "घ्या ना मॅडम" वर जाऊ नका.

लिहिण्याच्या नमुन्याचं काय घेऊन बसल्या, तुम्ही लोणारला राहता! जगभरचे लोक ते विवर पाहायला येतात, बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं, १.८ किलोमीटर व्यासाचं. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा गावात काय काय बोललं गेलं ते तुम्ही कानांनी ऐकलं असेल. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले अन् खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया जीव निघाले. त्याच गावात लवणासुराची कथा आहे, त्याला मारणारा दैत्यसूदन आहे, त्याचं देऊळ आहे, अन् त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. त्या जूनमध्ये शाळेतली पोरं काय सांगत होती, त्यांच्या आज्या काय सांगत होत्या अन् पेपरात काय छापून आलं, हे तीन शेजारी शेजारी ठेवून सहा-सात पानं लिहा. कोण बरोबर अन् कोण अंधश्रद्धाळू असा निकाल देऊ नका. आजीनं पाण्याचा रंग पाहिला होता अन् प्रयोगशाळेनंही तोच पाहिला, दोघांनी त्याच्यापुढे काय केलं ते लिहा. परिपाठाच्या भाषणातला "आपण सर्वांनी" हा शब्द मात्र एकदाही येऊ देऊ नका.

प्रश्न : भाचा अमेरिकेत आहे, तो म्हणतो मामा इकडे तुमच्या वयाचे लोक लिबरल स्टडीजचं मास्टर्स करतात, ये. ही काय भानगड आहे? लिबरल म्हणजे राजकारणातलं का? — एक निवृत्त ग्रामसेवक, जि. वाशिम

उत्तर : राजकारणातलं नाही काका. जुन्या युरोपात स्वतंत्र माणसानं शिकायच्या सात विद्या मानत, व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिती, संगीत अन् खगोल, त्यावरून तो शब्द आला. अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठानं १९५३ मध्ये मोठ्या माणसांसाठी असं मास्टर्स सुरू केलं, मग जॉन्स हॉपकिन्स, डार्टमथ, स्टॅनफर्ड अशा ठिकाणी झालं. बहुतेक वर्ग संध्याकाळी, नोकरी सांभाळून, निवृत्त लोकही असतात, भाचा खोटं बोलत नाही. पण अर्धवेळ वर्गासाठी आपल्याला तिकडे राहून शिकायचा व्हिसा मिळत नाही, एफ-१ ला पूर्ण वेळ शिकावं लागतं, अन् आपली तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठं सरळ धरत नाहीत, मूल्यांकन करून आणायला लावतात. फी डॉलरात. पेन्शनच्या जोरावर करू नका, एवढं माझं मत. भाच्याकडे जायचंच असेल तर टुरिस्ट म्हणून जा अन् तिथल्या विद्यापीठाची एखादी सार्वजनिक व्याख्यानमाला ऐकून या.

प्रश्न : रेफरन्सची दोन पत्रं मागितली आहेत. ज्या सरांनी शिकवलं ते वारले, दुसरे कुठं आहेत माहीत नाही. आमदार साहेबांचं पत्र मिळू शकते, चालेल का? — एक वाचक, ता. आर्णी

उत्तर : नको. आमदारांच्या लेटरहेडवर तुम्ही सुस्वभावी अन् होतकरू आहात एवढंच येईल, ते तर गावातल्या प्रत्येकाला मिळतं. तुमचं काम ज्यानं जवळून पाहिलं त्याच्याकडे जा, तुमचा बँकेचा शाखाधिकारी, तालुक्याचे कृषी अधिकारी, वाचनालयाचा ग्रंथपाल, बचत गटाची फेडरेशनवाली ताई, शाळेचे मुख्याध्यापक. मोठ्या वयात अर्ज करणाऱ्यानं शिक्षकाऐवजी कामातल्या माणसाचं पत्र दिलं तर बहुतेक ठिकाणी चालतं, पण सूचनांमध्ये एकदा पहा, काही जण एक तरी शिक्षकाचं मागतात, तसं असेल तर कॉलेजात जाऊन तुमच्या विभागात आता कोण आहे त्याला जुनी मार्कशीट दाखवा अन् तासभर बसून बोला. पत्र देणाऱ्याला तीन आठवडे आधी सांगा, तुमचं का-शिकायचं-आहे ते लिहिलेलं पान त्याला वाचायला द्या, म्हणजे तो भलतंच लिहिणार नाही. ईमेलवरून लिंक जाणार असेल तर त्याचा ईमेल चालू आहे का ते आधी विचारा, आपल्याकडे बऱ्याच लोकांचा ईमेल मोबाइल घेताना दुकानदारानं उघडलेला असतो अन् पासवर्ड त्यालाच माहीत असतो.